हिरवा ठिपका कुणाचा

"पप्पा, चांगला टीम लीडर कसा असतो हो?"

प्रेरणा हे घरी विचारूच शकणार नाही, अशी मैत्रिणींनी पैज लावली होती. वर्गात मॉनिटरशी भांडणं वेगळं आणि बापाला खिंडीत गाठणं वेगळं. पण प्रेरणा हल्ली कुणाच्या बापाला भीत नव्हती, मग स्वतःच्या तरी का भ्यावं? भाकरी मोडता मोडता तिनं विचारून टाकलं.

तिचा बाप राजेंद्र खुलला. वराळ्याजवळच्या कारखान्यात गाड्यांच्या वायरी बनायच्या, तिथल्या एका लाइनवरच्या अकरा बायका त्याच्या हाताखाली. "ज्याची लाइन थांबत न्हाई, तो," तो म्हणाला. "तीन महिनं झालं, आपली एक मिन्ट थांबली न्हाई."

"सरूमावशी जागेवरून उठल्या तरी?"

"मी हाय की उभा राह्यला."

सरूमावशी म्हणजे प्रेरणाची मैत्रीण स्नेहल हिची आई. लाइनच्या टोकाला उभ्या राहून त्या वायरींच्या क्लिपा तपासायच्या आणि हिरव्या पेनानं ठिपका द्यायच्या. तपासणाऱ्या प्रत्येकीचा रंग वेगळा. ठिपका म्हणजे सहीच. गेल्या आठवड्यात ढिल्या क्लिपांच्या चाळीस वायरी परत आल्या, सगळ्यांवर हिरवा ठिपका. मावशींना नोटीस मिळाली. उद्या साहेबांपुढे उभं राहायचं, आणि नोकरी राहते की जाते ते तिथंच ठरणार. स्नेहल दोन दिवस शाळेत डबासुद्धा उघडत नव्हती.

आणि रविवारी कपडे भिजवताना पप्पांच्या शर्टाच्या खिशात प्रेरणाला हिरवा डाग दिसला होता. टीम लीडरला तर कुठलाच रंग नसतो. तेव्हापासून ती बापावर डोळा ठेवून होती. मावशींचा विषय निघाला की ते उठून मोटारसायकल पुसायला जायचे. पुसून पुसून गाडी झिजायची वेळ आली होती.

"मग ठिपका कुणाच्या पेनानं देता?"

राजेंद्रचा घास हातातच राहिला. "कुणी शिकवलं गं तुला? स्नेहलीनं?"

"तुमच्या खिशानं."

"गप जेव," आई यशोधरा म्हणाली. "वकीलच लागून गेलीस."

"आई, मावशींची कंबर धरली होती त्या दिवशी त्या दवाखान्यात गेलेल्या. वायरी त्याच दिवशीच्या आहेत."

राजेंद्रनं ताट थोडं पुढं सारलं. "पाऊण तास. तपासणारी न्हाई तर लाइन बंद, असा नेम हाय. पर बोर्डावर तीन महिन्याचा आकडा लागलेला." मग आवाज चढवून, "पर चाळीसच्या चाळीस माझ्याच हातच्या, हे कोन सांगंल?"

"आवं, पर तुमी उभं हुता, हे तरी साहेबाला सांगितलं का?" यशोधरानं विचारलं. तिचाही स्वर आता बदलला होता.

राजेंद्रनं ताटातच हात धुतला.

प्रेरणा उठली.

"मी ठरवलंय. सकाळी सातला मी सरूमावशींकडं जाणार आणि त्या खिशाचं सांगणार. त्याआधी तुम्ही त्यांच्याकडं जाऊन खरं सांगून आलात, पप्पा, तर मी सरळ शाळेत जाईन."