कानबाईची भिंत

गोडादऱ्याच्या वस्तीत सुपडू म्हणजे पाण्याचा वैद्य. कुणाच्या घरचा नळ का रुसला, हे तो पाइपावर हात ठेवून सांगे. आणि त्याच्याच डोक्यावर, तिसऱ्या मजल्यावर, भागीरथीमावशीच्या नळाला करंगळीएवढी धार येत होती. दिव्याखाली अंधार, दुसरं काय!

कारण त्याला पक्कं ठाऊक होतं. पाण्याच्या मोटारीपासून वर जायची सरळ वाट त्याच्या स्वयंपाकघराच्या भिंतीतून होती, पण तिथे नुकत्याच निळ्या टाइल्स बसल्या होत्या. म्हणून त्याने बारीक पाइप घराला वळसा घालून नेला, अकरा एल्बो, म्हणजे वळणाचे जोड, लावून. पाणी प्रत्येक वळणावर जोर सोडतं, बारीक पाइपाला घासून आणखी सोडतं. वर पोचेपर्यंत त्यात त्राण उरत नाही. हे तो गिऱ्हाइकांना समजावून सांगायचा.

मावशीने विचारलं तेव्हा मात्र तो बोलून गेला, "मावशी, त्या भितले लागीसन कानबाई बसस. तठे छिद्र कसं पाडू?"

कानबाई ही खानदेशात घरोघरी बसणारी देवी; तिथल्या बाईला यापुढे काही सांगावं लागत नाही. मावशीने कानाला हात लावले. "नको रे भाऊ. पानी मी खालथून भरसू."

तेव्हापासून रोज सकाळी ती एकेक करून दोन हंडे वर नेई, गुडघे धरत. सुपडूच्या दाराशी हंडा टेकवून आधी स्वयंपाकघराच्या दिशेने हात जोडी. तेवढा वेळ सुपडू टीव्हीचा आवाज वाढवून बसे. त्याला मेल्याहून मेल्यासारखं होई, पण जीभ उचलत नव्हती.

श्रावणात, कानबाईच्या रोटांच्या सणाच्या आदल्या दिवशी, मावशी भरला हंडा घेऊन थेट आत आली. "कानबाईनी भित धोई देस," म्हणाली आणि पदर खोचून निळ्या टाइल्स धुऊ लागली.

सुपडूची बायको सुषमा कणीक सोडून बघत राहिली. "मावशी, कानबाई तर पुढली खोलीत बसस. कायम."

मावशीचा हात थांबला. तिने सुपडूकडे पाहिलं.

"मी खोटं बोलनू, मावशी," तो म्हणाला. "नव्या टाइल्स वाचाडाकरता."

मावशीने उरलेली भिंत नीट पुसली, रिकामा हंडा उचलला आणि पुन्हा भरायला जिना उतरू लागली.

सुपडूने छिन्नी-हातोडा काढला. पहिला घाव घातला तेव्हा टाइल अजून ओली होती.