पुण्याचा जावई

दौलतरावांना जावई पुण्याचाच हवा होता. पुण्याचा म्हणजे पुण्यात नोकरी करणारा. मूळ गाव वर्धा जिल्ह्यातलं कुठलंही चाललं असतं. स्वतः त्यांनी सेवाग्रामजवळच्या आपल्या वावरात जन्मभर वांगी, टमाटे, मेथी पिकवली, वर्ध्याच्या बाजारात विकली, त्यावर पक्कं घर बांधलं आणि मुलीला, समीक्षाला, नर्सिंगही शिकवलं. पण शेती करणाऱ्या मुलाचं स्थळ आलं, की या गृहस्थाचं तोंड कारलं खाल्ल्यासारखं व्हायचं. गोपिकाबाई एकदा नवऱ्याला म्हणाल्याही, "तुमच्यासारखा पोरगा तुमालेच काऊन चालत नाई?" त्यावर मोटर बंद करायचं निमित्त काढून दौलतरावांनी वावर गाठलं.

हिवाळ्यात बंडूजींनी वैभवचं स्थळ आणलं. बंडूजी लग्नं जुळवण्यात मुरलेले. दोन्हीकडच्यांना जे ऐकायचं असेल तेवढंच सांगण्यात त्यांचा हातखंडा होता. मुलगा कारंजा (घाडगे)चा, नोकरी पुण्यात, सॉफ्टवेअरमध्ये. दौलतराव इतके हरखले, की मुलगा यायच्या आधीच त्यांनी बाजारात चारचौघांना सांगून टाकलं.

एकच गोष्ट त्यांना खात होती. बाजारातल्या अडत्याचा इंजिनिअर मुलगा दिवाळीला पुण्याहून आला, तो परत गेलाच नाही. घरूनच काम करतो, असं अडत्या सांगायचा. पण मुलगा दिवसभर बापाच्या गाळ्यावर कांद्याच्या गोण्या उतरवून घेताना सगळ्यांना दिसत होता. त्याचं काम म्हणे आता एआय करतं. तेव्हापासून दौलतरावांच्या मनात पाल चुकचुकत होती. वैभवच्या तोंडून एकदा 'काळजी करू नका' एवढं ऐकलं, की आपण मोकळे, असं त्यांनी ठरवलं.

रविवारी पाहुणे आले. वैभव, त्याचे वडील प्रभाकरराव आणि अर्थात बंडूजी. आलूपोह्यांच्या बशा फिरल्या, समीक्षा येऊन खुर्चीवर बसली. प्रभाकररावांनी तिचं शिक्षण विचारलं, ड्यूटी विचारली आणि मोठ्या मनानं म्हणाले, "आमची काई अट नाई बाप्पा. लग्नानंतर नोकरी सोडली तरी चालते आमाले." उपकार झाल्यासारखी दौलतरावांनी मान डोलावली. मग घसा खाकरून ते वैभवकडे वळले.

"हे एआय म्हनते ते पुन्यात लय चालून राह्यलं म्हने. एवढं मोठं शहर. त्याची तयारी तं असंनच ना?"

वैभवनं बशी खाली ठेवली. "नाई काकाजी. तयारी नाई."

बंडूजींना ठसका लागला.

"पूल बांधून राह्यले, मेट्रो वाढवून राह्यले," वैभव शांतपणे म्हणाला. "पन आमच्यासारख्या पोरायनं उद्या काय करायचं, ते कोनालेच ठाऊक नाई. माहं काम सॉफ्टवेअर तपासाचं. आधी आमची अख्खी रांग बसे. आता मशीन तपासते, अन् आमी दोघं-तिघं त्या मशीनले तपासतो. आज माही नोकरी हाये. पुढच्या वर्षी असंन का, ते मी सांगू शकत नाई."

"मजाक करते तो," प्रभाकरराव घाईनं म्हणाले.

"मजाक नाई बाबा. लग्न झाल्यावर कळन्यापेक्षा आज कळलेलं बरं."

दौलतरावांना राग आला. मुलापेक्षाही पुण्याचा जास्त आला. इतकी वर्षं ज्या शहराच्या नावानं बाकीची स्थळं मोडली, त्यानं ऐनवेळी असा दगा द्यावा? आणि रागाच्या खाली खरीखुरी भीती होती. परक्या शहरात भाड्याची खोली, नवरा घरी बसलेला, आणि पोरगी एकटी ओढाताण करतेय. इथून धावून तरी कोण जाणार? मुलीच्या बापाला अडचणीत आठवतो तोच शब्द त्यांच्या तोंडून निघाला.

"बरं. आमी कळवतो."

'कळवतो' म्हणजे 'नाही', हे वर्धा जिल्ह्यात समजावून सांगावं लागत नाही. प्रभाकररावांनी खांद्यावरचा दुपट्टा सावरला. बंडूजी उठून चपला शोधू लागले.

"कोनाले कळवता बाबा?" समीक्षा म्हणाली. "ते बी इथंच हायेत अन् मी बी इथंच बसली हाये. मले काई विचारायचं हाये त्यायले."

बंडूजी चपलेत एक पाय घालून तसेच थांबले. समीक्षानं सरळ वैभवकडे पाहिलं. "नोकरी गेली तं काय करान तुमी?"

"दुसरं काम शिकीन. हे तरी जन्मताच कुठं येत होतं? पन मधात काई महिने घर तुमच्या पगारावर चालंन. तुमाले चालते का?"

"मले चालते. पुन्यातबी दवाखाने हायेत. आमच्याकडंबी एआय आलं, एक्स-रे पाह्यते. चांगलं पाह्यते, मी शिकून घेतलं ते. पन ऑपरेशनच्या पेशंटले पयल्यांदा उभं करायचं असलं, का तो माहाच हात धरते." मग तिनं आपलीही अट सांगितली. "मी ड्यूटीवर असली का सयपाक तुमच्याकडं."

"येते मले. फोडणी जरा जळते."

"शिकान," समीक्षा म्हणाली, आणि वैभव पहिल्यांदाच मोकळं हसला.

दौलतराव मुलीकडे पाहतच राहिले. वॉर्डात घाबरलेल्या नातेवाइकांशी ती अशीच बोलत असणार, त्यांनी कधी जाऊन पाहिलं नव्हतं. बाहेरगावच्या कुठल्या मुलाची नोकरी किती पक्की, याची चौकशी करण्यात त्यांनी वर्षं घालवली होती. आपल्या घरातून रोज सकाळी कुणी नोकरीला जातं, हे त्या चौकशीत त्यांनी कधी धरलंच नव्हतं. त्यांना स्वतःची लाज वाटली. आणि लाजेच्या मागोमाग अभिमान दाटून आला.

तेवढ्यात प्रभाकरराव खुर्ची पुढे ओढून हळूच म्हणाले, "दौलतरावजी, ते मघाशी मी नोकरी सोडाचं म्हनलो, ते मनावर घेऊ नका. पोरीची नोकरी राहूच द्या."

गोपिकाबाई पदर तोंडाला लावून हसल्या. बंडूजींनी पाय चपलेतून बाहेर काढला आणि आशेनं विचारलं, "मंग? कळवता म्हनत होते ना तुमी?"

"आता काय कळवाचं?" दौलतराव म्हणाले. "पुनं तयार नसंन, तं ते पुन्यानं पाहावं. माही पोरगी तयार हाये."

एवढं बोलून त्यांनी पाहुण्यांकडे पाठ केली आणि गोपिकाबाईंना उगाच मोठ्यानं साखर आणायला सांगितलं.