जबडा सैल, दांडी खाली

मित्रांनो, मी एक जुना वाइस आहे. लोखंडी, जड, फळीला बोल्टने जखडलेला. दांडी फिरवली की माझा जबडा आवळतो. पाइप असो की पट्टी, मी हलू देत नाही. मग खुशाल कापा, घासा.

जन्म माझा आठवत नाही. आठवतात ते दिवाकर सर. जवानी नौदलात गेली, जहाजाच्या इंजिनापाशी. मग गावाकडे येऊन शाळेत पोरांना फिटरचं काम शिकवायला लागले. शाळेत नवं सामान आलं आणि मला भंगारात काढलं, तेव्हा सरांनी स्कूटरवर पायाशी ठेवून मला गिरीजला, आपल्या घरी आणलं.

त्यांच्या पत्नी सुशीलाकाकू दारातच म्हणाल्या, "नारळ आणायला पाठवलं, आणि हे काय उचलून आणलंत?"

"नारळ फुटतो गं. हा नाही फुटायचा."

वाडीत केळींच्या कडेला पत्र्याची शेड होती. संध्याकाळी तिथे पोरंपोरी शिकायला यायची. सर सगळ्यांना खलाशी म्हणायचे. कानस वाकडी चालली की गरजायचे. आणि काम संपलं की माझा जबडा थोडा सैल सोडायचा, दांडी सरळ खाली. कोणी आवळून गेला तर त्याला रस्त्यातून परत बोलवायचे.

"अरे खलाशी, जहाजसुद्धा बंदरात दम खातं. ह्याने काय तुझं घोडं मारलंय?"

यंदा सर गेले. शेडला कुलूप लागलं, माझ्यावर गंज चढला. मुलगा अनुज म्हणाला, "आई, शेड पाडू, गाडीला जागा होईल." भंगारवाल्याला बोलावलं. उचलताना जबडा हलायला नको म्हणून अनुजने मला गच्च आवळून ठेवलं. म्हटलं, संपलं. आता भट्टी.

तेवढ्यात काकूंना भेटायला रुचिता आली. सरांचीच विद्यार्थिनी, चंदनसारला पंप दुरुस्त करते. शेडकडे नजर गेली आणि कडाडली,

"कोणी आवळलाय ह्याला? अनुजदादा, तुम्ही? सरांच्या घरात वाढून?"

तिने दांडी धरून जोर लावला. मी करकरलो. जबडा सुटला, दांडी ठणकन खाली आली.

सर गेल्यापासून काकू पहिल्यांदा हसल्या. हसता हसता पदर डोळ्यांना लावला.

"अगदी तस्सेच ओरडायचे गो. अनुज, भंगारवाल्याला नको म्हणून सांग. रुचिता, तू ने ह्याला. इथे ओरडणारं कोणी उरलं नाही."

आता मी चंदनसारला, रुचिताच्या दुकानात. काल रुचिता घाईत मला तसाच आवळून निघाली. शटर अर्धं खाली आलं, थांबलं, परत वर गेलं. स्वतःवरच खेकसत आली, "अरे खलाशी!"

मित्रांनो, हत्यार भरपूर वापरा, आम्हाला बसून राहणं आवडत नाही. फक्त निघताना एकदा मागे वळून बघा.

तिने जबडा सैल केला. दांडी सरळ खाली. मग शटर पडलं, आणि मी दम खाल्ला.