फायटरला सोबत

फायटर माशाला सोबत हवी म्हणून येणाऱ्या गिऱ्हाइकाला मी आधी हाकलून लावते. पुस्तकात त्याला बेट्टा म्हणतात, दुकानात फायटर, आणि गुण अगदी नावासारखेच. "एकटा बिचारा कंटाळतो हो," असं कुणी म्हटलं की माझ्या डोक्यात तिडीक जाते. तो नाही कंटाळत! त्याच्याकडे बघून तुम्ही कंटाळता, आणि वर बिल त्याच्या नावावर फाडता.

तरीही कुणी हट्टाला पेटलंच, तर माझी पद्धत ठरलेली आहे. गप्पी द्यायची नाही. तिची झुबकेदार शेपटी बघून फायटरला वाटतं दुसरा फायटर आला, आणि तो तिच्या चिंध्या करतो. टायगर बार्ब तर मुळीच नाही, ते उलट फायटरचीच शेपटी कुरतडतात. दुसरा नर तर विचारूच नका. तळाशी गपगुमान वाळू चिवडणाऱ्या कोरी चालतात, पण सहा तरी हव्यात. त्या टाकीत आधी रुळू द्यायच्या. मग फायटरला काचेच्या बरणीत घालून ती बरणी टाकीत ठेवायची, सात दिवस, रोज पाणी बदलून. कल्ले फुगवून काचेवर धडका मारत राहिला तर सोबत रद्द. शांत झाला तर आठव्या दिवशी सोडायचा. लोक हसतात मला. हसू देत.

आणि याच मी, धाकट्या बहिणीसाठी नवरा पसंत केला तो अर्ध्या तासात. कडक इस्त्रीचा शर्ट, मऊ बोलणं, दर वाक्याला "ताई, ताई". आईवडील नव्हते, मोठी मीच. मी हो म्हटलं, तिने मान हलवली. तीन वर्षांनी ती मनगटाला प्लास्टर घालून माझ्या दारात उभी राहिली. "पडले," म्हणाली. मी म्हटलं, "पडलीस की पाडलं?" त्यावर ती नुसती रडली.

त्याला चार महिने झाले. दुकानाच्या वर दोन खोल्या आहेत, तिथे आम्ही दोघी राहायचो. माझा आवाज मोठा आहे, मान्य. एकदा मी पातेलं फेकलं, तेही भिंतीवर, तिच्यावर नाही. तिने चुकून हवेचा पंप बंद केला होता, चाळीस मासे वर येऊन तोंड वासत होते, मग काय आरती ओवाळायची? माझा राग पाच मिनिटांत उतरतो. उतरला की मीच तिला चहा करून द्यायचे. ती काही बोलायची नाही. मला वाटायचं, सावरतेय पोरगी.

गेले पंधरा दिवस तिच्या नवऱ्याचे फोन येत होते. ती जिन्यात जाऊन हळू आवाजात बोलायची आणि इकडे माझा जीव टांगणीला लागायचा. मला एकच हवं होतं, तिने त्या माणसाकडे परत जाऊ नये. माझ्याकडे राहावं. बस.

त्या दिवशी ती खुशीत होती. दातांच्या डॉक्टरबाईंनी दवाखान्यासाठी टाकी मागवली होती आणि ती सगळी धाकटीने एकटीने लावली होती. निळा फायटर तिनेच निवडला, सहा कोरी तिनेच, एक गोगलगायही. आठवा दिवस होता. बाई चार वाजता न्यायला येणार होत्या. "ताई, बघ ना, फुगतच नाही गं आता!" ती बरणीपाशी वाकून म्हणाली आणि हसली. चार महिन्यांत पहिल्यांदा. मी तोंड फिरवून फिल्टर धुवायला लागले, नाहीतर रडलेच असते.

दोन वाजता तो आला. तीच इस्त्री, तोच मऊपणा.

"ताई, न्यायला आलोय हिला. पुरे झालं माहेरपण."

"जावईबापू," मी म्हटलं, "आल्या पावली परत फिरा."

तो माझ्याकडे न बघता तिला म्हणाला, "बॅग भर."

धाकटीच्या हातात जाळी होती. ओठ पांढरे पडले होते. तरी म्हणाली, "मला चार वाजता काम आहे." केवढं धाडस ते! मला तिला मिठीच मारावीशी वाटली.

"काम? मासे सांभाळायचं?"

तर ही वेडी त्याला समजावत बसली, बरणी कशाला, सात दिवस कशाला, सगळं. त्याने ऐकून घेतलं आणि हसला. "एवढे नखरे? अगं, एकत्र टाकलं की राहतात सगळे. जमवून घेतात." असं म्हणत त्याने टाकीतली बरणी उचलली. शेजारच्या फळीवर माझे बाकीचे नर असतात, प्रत्येकाची बाटली वेगळी आणि मध्ये पुठ्ठा, एकमेकांना दिसू नयेत म्हणून. लाल नराच्या बाटलीत त्याने निळा ओतून दिला.

क्षणभर दोघे जागच्या जागी थांबले. मग लाल निळ्याच्या गालालाच भिडला. दोघे तोंडात तोंड अडकवून गोल गोल फिरत खाली गेले, वर आले, निळ्याची शेपटी धाग्याधाग्याने सुटायला लागली आणि पाण्यात खवले तरंगले. धाकटीने बाटलीत हात घातला, पण तोंड अरुंद, पंजा आत जाईना. तेवढ्यात त्याने तिचं मनगट धरलं. तेच मनगट, मोडलेलं. पिरगाळून म्हणाला, "थांब गं, गंमत बघ."

टाकीच्या स्टँडचा लोखंडी अँगल भिंतीला टेकून होता. तो माझ्या हातात कधी आला ते मला माहीत नाही. पहिला फटका मी त्याच्या कोपरावर घातला. त्याने हात सोडला. खरं म्हणजे तिथेच थांबायला हवं होतं. दुसरा खांद्यावर बसला. तो गप्पींच्या टाकीवर जाऊन आदळला, काच फुटली आणि दीडशे लिटर पाणी भसकन फरशीवर आलं. काचांत, पाण्यात, सगळीकडे गप्पी उड्या मारत होत्या. तो गुडघ्यांवर आला, कानावर हात, बोटांतून रक्त. "ताई, बस, पाया पडतो," म्हणाला. मी तिसरा पाठीत घातला. चौथाही घातला. बरं वाटत होतं. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटत होतं.

"पुन्हा हात लावशील? लाव ना, मेल्या! लाव!"

तो रांगतच उंबऱ्याबाहेर गेला, धडपडत उठला आणि पळाला. समोरचा शिंपी दारात येऊन बघत उभा राहिला होता.

मी धापा टाकत आत वळले. पायाशी गप्पी तडफडत होत्या. "बघत काय बसलीस!" मी ओरडले. "उचल ते मासे!"

धाकटी फळीखाली बसली होती, भिंतीला चिकटून. दोन्ही हात डोक्यावर, कोपरं तोंडासमोर. "चुकलं माझं," ती म्हणत होती. "उचलते. चुकलं. उचलते."

मी मागे वळून पाहिलं, तो परत आला की काय म्हणून. मागे कुणी नव्हतं. रस्त्यावर उन्हात त्याची एक चप्पल पडली होती.

अँगल माझ्याच हातात होता. मी तो टाकला, तर त्या आवाजाने ती आणखी आक्रसली. मी पुढे होऊन हात दिला, तो तिने धरला नाही. गुडघ्यांवरच सरकत तिने एकेक गप्पी ओंजळीत घेऊन बादलीत सोडली. एकही विसरली नाही. निळा तोवर बाटलीच्या तळाशी आडवा झाला होता. मग माझ्या बाजूने न येता टाक्यांच्या मागून ती जिन्याकडे गेली.

मी काचा गोळा केल्या. हात कापला, तो तसाच बांधला. अर्ध्या तासाने वर गेले, तर तिच्या खोलीचं दार बंद. ढकललं. आतून कडी होती. चार महिन्यांत त्या दाराला कधी कडी लागली नव्हती.

"अगं, गेला तो. आता येत नाही परत."

"माहितेय."

"मग दार उघड ना."

आत बॅगेची चेन ओढल्याचा आवाज झाला. "त्याच्याकडे नाही जात मी, ताई. बाईंच्या दवाखान्यामागे एक खोली आहे. त्यांनी मागेच विचारलं होतं. चारला आल्या की त्यांच्याबरोबर जाते."

"मागेच म्हणजे? कधी?"

"पातेलं फेकलंस ना, त्या आठवड्यात."

"तुझ्यासाठी मारलं मी त्याला! तुझ्यासाठी!"

चेनचा आवाज थांबला. आत श्वाससुद्धा ऐकू येईना. माझंच ओरडणं जिन्यात घुमून परत माझ्या कानावर आलं आणि मला माझी लाज वाटली. मग मी दाराला कपाळ टेकलं आणि जमेल तेवढं हळू म्हटलं, "राहा गं. मी नाही ओरडणार."

आत बॅग दाराशी आणून ठेवल्याचा आवाज झाला.

"ताई, तू आधी खाली जा," ती म्हणाली. "तू खाली गेलीस की मी बाहेर येते."

मी पाय न वाजवता उतरायला लागले. मग वाटलं, मी गेले हे तिला कळायला तर हवं. म्हणून बाकीच्या पायऱ्या वाजवत उतरले. मी अगदी खाली पोचल्यावरच वरची कडी निघाली.