मोरेश्वरांचं मत

इशिताला सोळा पूर्ण झाली आणि गाडी चालवायचं लायसन्स मिळालं, ते हे दोन हजार आठ साल. लायसन्स हातात पडलं त्याच दिवशी पोरीनं आजीला शेजारी बसवून कॉलनीला तीन चकरा मारल्या. तिसऱ्या चकरेला गाडी कडेला घेऊन म्हणाली, "आजी, वोटिंगला तुला मीच नेणार. प्रॉमिस?"

"आधी ब्रेक लाव नीट," अहिल्याबाई म्हणाल्या, "मग प्रॉमिस."

अमेरिकेत, नॉर्थ कॅरोलिनातल्या मॉरिसव्हिलच्या त्या घरात मतं तीन होती आणि माणसं पाच. इशिता लहान म्हणून तिला मत नाही. आणि अहिल्याबाईंचे यजमान मोरेश्वर ढोके, वय शहात्तर, यांना मत नाही, कारण त्यांचे सिटिझनशिपचे कागद अडकले होते. नवरा-बायकोनं अर्ज एकाच दिवशी टाकला होता. बोटांचे ठसे एकाच दिवशी दिले. अहिल्याबाईंची शपथ होऊन दीड वर्ष लोटलं, तरी मोरेश्वरांच्या कागदाचा पत्ता नाही. मुलानं, श्रीरामनं, फोन केले, पत्रं लिहिली. दरवेळी उत्तर एकच, तपासणी चालू आहे.

"काय तपासतात बाप्पा?" मोरेश्वर म्हणायचे. "आर्वीच्या वीजमंडळात लाइनमन होतो. खांबावर चढायचो नि उतरायचो. त्यात लपवण्यासारखं काय आहे?"

मत नसणं हे त्यांना पायातल्या काट्यासारखं सलत होतं. सत्तावन्न सालापासून त्यांनी एकही निवडणूक सोडली नव्हती. नुसतं मत देऊन ते थांबत नसत. बूथवर पक्षाचे प्रतिनिधी म्हणून बसत, मोजणीच्या टेबलापाशी डोळ्यांत तेल घालून उभे राहत, आणि घरी येऊन कुठली पेटी कशी फुटली ते बायकोला जेवता जेवता सांगत. दोन हजार एक साली मुलाकडे आले आणि ते सगळं संपलं. तिकडचं मत तिकडेच राहिलं, इकडचं काही मिळेना.

या वर्षी तर हृदय थकलं होतं. पाय सुजायचे, नाकात ऑक्सिजनची नळी असायची. खालच्या मजल्यावर, जिथं पूर्वी श्रीरामचं कॉम्प्युटरचं टेबल होतं, तिथं त्यांची खाट लावली होती. समोर टीव्ही. जानेवारीपासून त्यांनी सगळी भाषणं, सगळे वाद ऐकले. अर्धं इंग्रजी कळायचं, उरलेलं माणसाच्या तोंडाकडे पाहून कळायचं.

"हा ओबामा बोलायच्या आधी थांबतो बघ," ते म्हणायचे. "थांबणाऱ्या माणसावर विश्वास ठेवावा. आणि अहिल्या, याच्यासारख्या रंगाच्या लोकांना या मुलखात मत द्यायला गेलं तर मारत होते. फार जुनी गोष्ट नाही. मी खांबावर चढायला लागलो तेव्हाची. आता त्यातल्या एकाचं नाव कागदावर छापून येणार. मला ते छापलेलं नाव एकदा बघायचं होतं. हातानं खूण करायची होती त्याच्यासमोर."

श्रीराम मात्र दुसऱ्या बाजूचा. टॅक्स वाढणार, असं त्याचं म्हणणं. सूनबाई विनीता मोरेश्वरांच्या बाजूची. चहाच्या वेळी बापलेकांची जुंपायची.

"बाबा, तुम्ही टॅक्स भरत नाही, म्हणून तुम्हाला काही वाटत नाही."

"तुझ्या बापानं युनियनचा झेंडा धरला म्हणून तू इंजिनियर झालास. विसर तू." मग बायकोकडे वळून, "घरात एक विरुद्ध एक झालंय. बरोबरी. तुझ्या मतावर घर ठरणार. आणि खरं तर ते तुझं नाही, माझंच मत आहे. तुझ्या हातानं पडणार, एवढंच."

"का हो? माझं माझं मत नसेल का?"

"तुझं काय आहे मग?"

अहिल्याबाई हसल्या. "तुमचंच आहे. पण विचारायची रीत असते."

त्या बेचाळीस वर्षांच्या झाल्यावर अक्षरं शिकल्या. आर्वीला शाळेच्या ओसरीवर बायकांचा वर्ग भरायचा, तिथं पाटी घेऊन जायच्या. तोवर मत द्यायचं म्हणजे चिन्ह ओळखायचं आणि शिक्का मारायचा. इंग्रजी अक्षरं त्यांना पासष्टीनंतर विनीतानं शिकवली, सिटिझनशिपच्या परीक्षेसाठी. त्या हळू वाचत, पण वाचत. कुणी मदतीला पुढं झालं की मान हलवत.

लवकर मत द्यायची सोय असते इथं, निवडणुकीच्या आधीच. ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात एका दुपारी जायचं ठरलं. निघण्याआधी मोरेश्वरांनी बायकोला खाटेजवळ बसवून घेतलं. खांबावर नवा पोरगा चढवताना सांगावं, तसं एकेक सांगितलं.

"दारात पक्षाची माणसं उभी असतील. कागद देतील. कुणाचा कागद हातात घ्यायचा नाही. मी तीस वर्षं बघितलंय, आपल्या पक्षाचा रंग लावून समोरचे लोक खोट्या चिठ्ठ्या वाटतात."

"बरं."

"आत गेल्यावर कुणाला विचारायचं नाही. मत गुप्त असतं."

"बरं."

"आणि एकच खूण. दोन झाल्या की मत बाद. मोजणीत मी स्वतः असली मतं बाजूला काढली आहेत. चांगली आपली मतं, पण दोन शिक्के. गठ्ठेच्या गठ्ठे बाद."

"अहो, कितीदा सांगाल? चाळीस वर्षं ऐकतेय."

इशितानं गाडी अगदी जपून नेली. कम्युनिटी सेंटरला रांग इमारतीला वळसा घालून गेली होती. दोन तास उभं राहावं लागलं. पुढं एक काळी म्हातारी घडीची खुर्ची घेऊन आली होती. रांग सरकली की खुर्ची सरकवायची, पुन्हा बसायची. तिनं दोनदा अहिल्याबाईंना बसायचा आग्रह केला. दुसऱ्यांदा त्या बसल्या. भाषेची अडचण आलीच नाही. त्या बाईनं स्वतःच्या छातीवर हात ठेवून चार बोटं दाखवली, मग आकाशाकडे बोट केलं. चार माणसं वर गेली होती तिची, हा दिवस न बघता. अहिल्याबाईंनी तिचा हात धरला.

दाराशी निळी टोपी घातलेली एक बाई प्रत्येकाला पिवळा कागद देत होती. काहीतरी समजावून सांगत होती. अहिल्याबाईंपाशी आली तशी त्यांनी दोन्ही हात पदराखाली घेतले.

"आजी, it's just instructions," इशिता म्हणाली.

"नको. तुझ्या आबांनी नको सांगितलंय."

"But आजी..."

"तू बाहेर थांब. मत गुप्त असतं."

आत त्यांना लांबच लांब कागद मिळाला. दोन्ही बाजूंनी छापलेला. चिन्ह कुठंच नाही. ना पंजा, ना कंदील, ना फूल. नुसती नावं, अगदी गर्दीनं. चारी बाजूंनी पुठ्ठ्याचा आडोसा होता. त्यांनी चष्मा पुसला आणि वाचायला लागल्या.

नाव सापडलं. ओ, बी, ए. एकेक अक्षर बोटाखालून गेलं. पूर्ण नाव वाचलं, मधलंसुद्धा. पेन त्या नावापाशी नेलं.

तेवढ्यात दुसरी चौकट दिसली. त्यात पक्षांची नावं होती. पक्षासमोर खूण केली की त्या पक्षाच्या सगळ्यांना मत, असं लिहिलेलं त्यांना उमगलं. खाली बारीक अक्षरांत आणखी दोन ओळी होत्या, पण मागं लोक ताटकळले होते आणि डोळ्यांपुढं अक्षरं नाचायला लागली होती. सगळ्यांना, म्हणजे त्यालाही. वर तो, खाली बाकीचे सगळे, अशी अख्खी यादी एका खुणेत. त्यांनी त्याच्या पक्षासमोर नीट, गडद खूण केली.

मग पुन्हा वर नजर गेली. त्या नावासमोरची जागा कोरी होती. तिथंही खूण करावी असं फार वाटलं. यांना हेच तर हवं होतं, त्या नावासमोर खूण. पेन टेकणार, इतकं जवळ नेलं. आणि हात मागं घेतला. दोन झाल्या की बाद.

कागद मशीनमध्ये गेला. 'मी मत दिलं' असं लिहिलेलं, शर्टाला लावायचं गोल लेबल मिळालं. घरी आल्यावर त्यांनी ते मोरेश्वरांच्या स्वेटरवर लावलं.

"झालं तुमचं मत."

मोरेश्वरांनी डोळे मिटले. मग म्हणाले, "सात वर्षांनी."

चार नोव्हेंबरला देशाचा निकाल लागला, ओबामा जिंकला. विनीता रडली, श्रीराम झोपायला निघून गेला. नॉर्थ कॅरोलिनाचा आकडा मात्र दोन दिवस अडून बसला, आणि शेवटी चौदा हजारांनी आपल्या बाजूला पडला. मोरेश्वर लहान मुलासारखे झाले. जो येईल त्याला सांगायचे, "फक्त चौदा हजार! त्यात एक माझं."

त्या रविवारी अनिल आला. श्रीरामच्या ऑफिसातला, नागपूरचा, अजून वर्क व्हिसावर असलेला. त्यालाही मोरेश्वरांनी तेच ऐकवलं.

"काका, तुम्ही लकी," अनिल म्हणाला. "आम्ही नुसते बघे. पण यार श्रीराम, तुमच्या स्टेटचा बॅलट भारी विचित्र आहे. पेपरात वाचलं. पार्टीला एक खूण केली की खाली सगळ्यांना मत जातं, पण प्रेसिडेंटला नाही जात! त्याची खूण वेगळी करावी लागते. दरवेळी काही लोक फसतात म्हणे."

"म्हणूनच दारात पिवळे कागद वाटत होते," विनीता म्हणाली. "आई, तुम्ही तर बरोबर केलंत ना?"

अहिल्याबाई पोह्यांवर खोबरं घालत होत्या. "हो," त्या म्हणाल्या. "पोहे निवतील."

मोरेश्वर हसत होते. त्यांनी ऐकलं होतं, पण ते आपल्या घरातलं आहे असं त्यांच्या मनातही आलं नाही.

त्यापुढचे दोन आठवडे अहिल्याबाईंनी कसे काढले ते त्यांनाच ठाऊक. नवऱ्याचे पाय चेपताना ती कोरी जागा दिसायची. दवाखान्यातली नर्स घरी आली, तिलाही मोरेश्वर म्हणाले, "फोर्टीन थाउजंड. वन माइन." नर्सनं हात मिळवला. अहिल्याबाई न्हाणीघरात जाऊन उगाच नळ सोडून उभ्या राहिल्या. न सांगावं, असं एक मन म्हणे. माणूस किती दिवसांचा सोबती. दुसरं मन म्हणे, पन्नास वर्षांत यांना खोटं सांगितलं ते फक्त साखरेच्या डब्यात लपवलेल्या पैशांबद्दल. आता शेवटाला मोठं खोटं घेऊन जाऊ द्यायचं का?

थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीतल्या एका दुपारी सगळे दुकानात गेले होते. टीव्ही बंद होता. त्या खाटेच्या कडेला बसल्या.

"अहो, तुमचं मत पडलं नाही."

"काय?"

"अनिल म्हणाला ना, तसं झालं. मी पक्षासमोर खूण केली. त्याच्या नावासमोर नाही केली. करणार होते. पेन नेलं होतं. पण दोन झाल्या तर बाद होईल म्हणून..."

मोरेश्वरांनी नाकातली नळी सारखी केली.

"आणि तो पिवळा कागद?"

"घेतला नाही."

"मी नको म्हणालो होतो."

"हो."

त्यांनी मान भिंतीकडे वळवली. अहिल्याबाईंना वाटलं, संपलं, आता हा माणूस माझ्याशी बोलणार नाही. त्या पदराची गाठ सोडत, बांधत बसल्या. भिंतीकडे तोंड असतानाच मोरेश्वरांनी विचारलं, "मग माझं मत गेलं तरी कुणाला?"

"बाकी सगळ्यांना. गव्हर्नर आहे, विम्याचा कुणीतरी आहे. शेतीखात्याचा कमिशनरसुद्धा निवडून देतात इथं."

"शेतीखात्याचा? आला का तो तरी?"

"विनीता म्हणाली, पडला."

मोरेश्वरांचे खांदे हलायला लागले. त्या घाबरून उठल्या, तर ते हसत होते. हसता हसता खोकला आला, पाणी पाजावं लागलं. "तीस वर्षं लोकांची मतं बाद होताना बघितली," ते म्हणाले, "आणि स्वतःचं मीच बाद केलं. इथं बसून, तोंडानं." मग हसू गेलं आणि डोळे भरले. "तू नको रडू. तुला शिकवलं ते तिकडचं होतं. इकडचं मलाच कुठं ठाऊक होतं?"

"पुढच्या वेळी तुमचे कागद आले असतील. आपण दोघं जाऊ."

"चार वर्षांनी?" त्यांनी तिच्याकडे पाहिलं. तेवढे दिवस हातात नाहीत, हे दोघांनाही ठाऊक होतं. मग ते म्हणाले, "तू नाव वाचलंस ना पण? छापलेलं?"

"वाचलं. सगळं. मधलंसुद्धा."

"सांग मग. पहिल्यापासून सांग. कागद केवढा होता?"

त्यांनी हात लांब करून दाखवला. कागद जाडसर होता, म्हणाल्या, लग्नपत्रिकेसारखा. नाव ठळक काळ्या शाईत होतं, इतरांएवढंच, तसूभर मोठं नाही की लहान नाही. पेन काळं होतं. पुढं खुर्चीवाली बाई होती, तिनं आत जाण्याआधी केस सारखे केले. मोरेश्वरांनी विचारलं, खोलीत उजेड होता का, बूथवाले कसे वागले, मशीन आवाज करतं का. अहिल्याबाईंनी एकही गोष्ट गाळली नाही. पेन नावापासून किती अंतरावर नेलं होतं, असं मोरेश्वरांनी विचारलं, तेव्हा अहिल्याबाईंनी अंगठा आणि बोट यांच्यात तांदळाच्या दाण्याएवढी जागा ठेवून दाखवली. मोरेश्वरांनी ती जागा बराच वेळ पाहिली.

"पुन्हा सांग," ते म्हणाले. "रांगेपासून."

त्यांनी पुन्हा रांगेपासून सांगितलं. त्यानंतरही जवळजवळ रोज दुपारी ते सांगायला लावत.

मोरेश्वर ढोके १२ डिसेंबर २००८ रोजी, शुक्रवारी सकाळी, मॉरिसव्हिल इथं मुलाच्या घरी वारले.