शेवटचं अक्षर

विठोजीने चित्र दुकानाच्या दारात नेलं, उजेडाला तिरकं धरलं आणि एक डोळा मिटून खालच्या कोपऱ्यातली सही पाहिली.

"स्वल्प जपून, अण्णा," काउंटरपलीकडून बाई कानडी हेलात म्हणाली. हेमलता असं तिने नाव सांगितलं होतं.

"जपूनच धरलंय, अक्का."

चित्र मोठं नव्हतं. तळ्याकाठी बसलेल्या तीन म्हशी, काळ्या शाईच्या बारीक रेघांत. खाली डावीकडे पेन्सिलीने ७/२५ असा आकडा, उजवीकडे इंग्रजीत सही : वेणुगोपाल. तांब्याच्या पत्र्यावर चित्र कोरायचं, मोजून पंचवीस प्रती छापायच्या, प्रत्येकीवर आकडा घालून सही करायची आणि मग पत्रा मोडून टाकायचा, अशी या चित्रकाराची रीत होती. दोन वर्षांपूर्वी तो वारला आणि त्याच्या प्रतींचे भाव चढले. भाव चढले तशा खोट्या प्रतीही निघाल्या.

विठोजी त्यात एकदा पोळला होता. चामराजपेटेतलं त्याचं तसबिरी मढवायचं दुकान आजोबांपासूनचं. देवादिकांचे आणि लग्नाचे फोटो हेच मुख्य काम. पण नंदकिशोर नावाच्या मुंबईकराने शहरात गॅलरी उघडली आणि आपली भारी चित्रं मढवायला तो विठोजीकडे पाठवू लागला. मागच्या वर्षी एका सभ्य दिसणाऱ्या माणसाने असंच छापचित्र आणलं. विठोजी ते हौसेने गॅलरीत घेऊन गेला, 'माणूस खात्रीचा आहे' असंही बोलून बसला. ते फोटोवरून छापलेलं निघालं, सहीसकट. पत्रा दाबल्याने कागदावर जी कडा उठते तीसुद्धा हुबेहूब उठवलेली. नंदकिशोर त्याला एका शब्दाने बोलला नाही. फक्त आठ महिने काम पाठवलं नाही.

"कुठून मिळालं हे?" विठोजीने विचारलं.

"माझ्या भावाचं. दयानंदचं. चित्रकलेच्या कॉलेजात छापायच्या यंत्रावर होता तो. वेणुगोपाल सरांच्या प्रती तोच काढायचा. सरांनी त्याला दिलं."

"दिलं म्हणजे? असंच?"

हेमलताने पदर सावरला. "तो तसं म्हणायचा."

"त्यालाच घेऊन या ना एकदा."

"गेला तो. दसऱ्यानंतर."

विठोजीने मान हलवली, पण नजर कागदावरून काढली नाही. मेलेल्या माणसाला काही विचारता येत नाही, आणि हे विकणाऱ्यांच्या नेहमीच सोयीचं असतं.

"आणि आता विकायला काढलंत?"

"आधी खरं आहे का ते कळू दे. सही तरी खरी आहे ना, अण्णा?"

सहीबद्दल ती दुसऱ्यांदा विचारत होती; आल्या आल्याही तिने तेच विचारलं होतं. विकायला आलेला माणूस आधी किंमत विचारतो. हिने किमतीचा विषयसुद्धा काढला नव्हता.

विठोजीने नंदकिशोरला फोन लावला. चार वाजता या, असा निरोप मिळाला. तोवर मार्केटात जाऊन येते म्हणून हेमलता उठली. दारापर्यंत जाऊन परत वळली.

"हे इथंच राहू दे?"

"भरवसा नसेल तर घेऊन जा."

"तसं नाही, अण्णा," ती ओशाळून म्हणाली आणि गेली.

दुकानात कुणी नव्हतं. विठोजीने भिंग काढून सही पुन्हा पुन्हा पाहिली. कधी ती पेन्सिलीची वाटे, कधी छापलेली. कागदावर जुना तेलकट डाग पसरला होता, तो काही धड उमगू देईना. पुन्हा तोंडघशी पडायची त्याची तयारी नव्हती. छापलेली सही खोडली जात नाही, हे त्याला मागच्या प्रकरणात नंदकिशोरनेच दाखवलं होतं.

त्याने खणातून खोडरबर काढलं. शेवटच्या 'एल'ची शेपटी लांब वर गेलेली होती. तिच्या टोकाला अगदी हलकेच एकदा घासलं. काही झालं नाही. मनात 'वाटलंच होतं' असं आलं आणि त्याने जरा जोर दिला.

शेपटी निघून गेली.

विठोजी रबर हातात धरून तसाच उभा राहिला. कागदावर निम्मं 'एल' उरलं होतं आणि त्यापुढे स्वच्छ, पांढरट डाग. बाई खरं बोलत होती. निदान सही छापलेली नव्हती.

त्याने रस्त्याकडे पाहिलं. मग पेन्सिल घेतली, टोक केलं, आणि ज्या हाताने तीस वर्षं फ्रेमांच्या कोपऱ्यांवर रेघा आखल्या त्या हाताने ती शेपटी परत काढली. कडेने बोट फिरवून तिला जरा जुनं केलं. लांबून पाहिलं. ठीक दिसत होती.

चारच्या सुमारास दोघं रिक्षाने गॅलरीत निघाले. हेमलताने चादरीत गुंडाळलेलं चित्र मांडीवर दोन्ही हातांनी धरलं होतं.

नंदकिशोरने चित्र टेबलावर ठेवून दिवा ओढला. आधी कागद पाहिला, मग दाबाची कडा, मग रेघा. "प्रिंट जेन्युइन आहे," तो म्हणाला. हेमलताने श्वास सोडला. मग त्याचं भिंग सहीवर आलं आणि तिथे थांबलं.

"इथे प्रॉब्लेम आहे. हे शेवटचं अक्षर बघा. हात मध्येच थांबलाय. स्वतःची सही करणारा थांबत नाही; नक्कल करणारा थांबतो."

"म्हणजे?" हेमलताने विचारलं.

"म्हणजे प्रिंट ओरिजिनल, पण सही नंतर कुणीतरी केलीय. छापताना बिघडलेल्या प्रती बाजूला टाकतात ना, त्यांवर आर्टिस्ट सही करत नाही. त्यातलीच एखादी उचलली असेल कुणी. सॉरी, पण मी हे घेऊ शकत नाही."

हेमलता चित्राकडे बघत राहिली. मग ती बोलली, ते त्या दोघांना उद्देशून नव्हतंच.

"वहिनी तेच म्हणत होती, चोरून आणलं असेल. सगळेच म्हणायचे. त्याला मोठ्या गोष्टी सांगायची सवय होती, म्हणून कुणी खरं मानलंच नाही. मी भांडले सगळ्यांशी. म्हटलं, चोरलेल्यावर सही कोण करून देतं?" ती हसल्यासारखं करून चित्र चादरीत गुंडाळू लागली. "आता दयाने सहीपण खोटी केली म्हणायचं."

नंदकिशोरने दिवा मागे सारला होता, विषय संपला होता. दोन मिनिटांत सगळे आपापल्या वाटेने गेले असते.

"शेपटी माझी आहे," तो म्हणाला.

"काय?"

"शेवटच्या अक्षराची. दुपारी मी रबर लावून पाहिलं. पुसली गेली. मग मीच परत काढली." तो हेमलताकडे वळला, पण तिच्या चेहऱ्याकडे त्याला बघवेना. "मला तुमचाच संशय आला होता, अक्का."

नंदकिशोरने चित्र पुन्हा उघडायला लावलं. भिंग पहिल्या अक्षरावरून सावकाश पुढे सरकलं आणि 'एल'च्या अलीकडे येऊन थांबलं.

"बाकीची सही त्यांचीच आहे," अखेर तो म्हणाला. "मग ही बाजूला टाकलेली नव्हे, त्यांनीच सही करून दिलेली. पण खाडाखोड झालेली कोण घेणार? निम्म्या किमतीला बघतो हवं तर." मग विठोजीकडे न बघता, "उद्या माणूस पाठवतो. तुमच्याकडची माझी चित्रं त्याच्याकडे द्या. मढवली नसली तरी चालतील."

"सरी, चालेल," विठोजी म्हणाला.

बाहेर पायरीवर हेमलता थांबली. तिने चादर अशी घट्ट गुंडाळली होती की आतलं चित्र मोडेल असं त्याला वाटलं. ती रागावेल, भरपाई मागेल, याची तो वाट पाहत होता.

"मला विकायचं नाही," ती म्हणाली. "मढवून द्याल?"

"देतो. पैसे नकोत. भोवती पांढरा पुठ्ठा घालतो, चार बोटं रुंद. तो डाग, ते खोडलेलं, काही दिसणार नाही."

"नको," हेमलता म्हणाली. "सही झाकू नका."