नळीतला ठोका

आठवडाभर माझ्या गाडीतलं पाणी कमी होत होतं आणि खाली एक थेंब सांडत नव्हता. उद्या सकाळी मायला डायलिसिससाठी बीडला न्यायचं होतं. आठवड्यातून दोनदा उमापूर ते बीड. एक खेप चुकली तरी तिला श्वास पुरत नाही. म्हणून गाडी उत्तरेश्वर मिस्त्रीकडे आणली. माय हट्टाने सोबत आली, त्यामुळे माझं डोकं आधीच तापलेलं होतं.

उत्तरेश्वरने गार इंजिन चालू केलं आणि रेडिएटरची रबरी नळी दाबून पाहिली. "नरम हाय. हेड गॅस्केट, म्हंजे सिलिंडर अन् पाण्याच्या मधलं पातळ पान, फाटलं असतं तर सिलिंडरातला दाब पाण्यात घुसला असता, नळी लगेच कडक झाली असती. टोपणाचं रबर गेलंय. बदलतो अन् जा उद्या बिनघोर."

मायने पुढे होऊन नळीवर दोन बोटं ठेवली.

"हात नको लावू," मी खेकसलो.

"कावून? गार हाय की." तिने डोळे मिटले. "ह्यात ठोका हाय. मधूनच येतोय."

उत्तरेश्वर हसला, पण त्याने ऐकलं. इंजिन बंद करून टोपण काढलं, काठोकाठ पाणी भरलं, पुन्हा चालू केलं. आम्ही दोघे पाण्यावर वाकलो. माय डोळे मिटून नळीपाशीच.

"आला," ती म्हणाली. पाण्यात एक बुडबुडा वर येऊन फुटला.

"आला." दुसरा.

दहा-बारा वेळा असं झालं; एकदाही चुकली नाही. उत्तरेश्वरने इंजिन बंद केलं.

"गॅस्केटच हाय, आत्ता कुठं फाटायला लागलंय. मावशी, वीस वर्षं झाली मला ह्या धंद्यात, माझ्या बोटांना न्हाई कळलं. उद्या ही गाडी हायवेवर उभी राहिली असती. माझ्या गाडीत चला, मी येतो."

"तुला कसं गं कळलं?" मी विचारलं.

मायने डावा हात पुढे केला. डायलिसिसची सुई टोचता यावी म्हणून तिथल्या शिरा जोडल्या आहेत. कोपराखालचा तो फुगलेला भाग बघायचीही मला भीती वाटे. तिने माझी बोटं तिथे टेकवली. कातडीखाली काहीतरी सारखं थरथरत होतं.

"रोज उठल्या उठल्या बोटं ठेवून बघते," ती म्हणाली. "थरथर लागली म्हंजे जोड चालू हाय. बंद पडली तर संपलं."

शिरा जोडून तीन वर्षं झाली होती. तेवढ्या सगळ्या सकाळी मी अंगणात गाडीचं पाणी बघत होतो.